मेसाके मास्तरांच्या डोक्याची मागची बाजू

मेसाके मास्तरांच्या डोक्याची मागची बाजू एकटे मास्तर सोडून दूरच्या एका बेटावरच्या अख्ख्या नाउसोरी गावाने पाहिली होती. यात मास्तरांचा काही दोष नव्हता. जो माणूस चर्चच्या क्वायरचं संचालन करतो, त्याला गाणाऱ्यांकडे तोंड आणि गावाकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मास्तर शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याच्याही कितीतरी आधीपासून दर रविवारी गावाकडे पाठ करत आले होते, आणि ती पाठ इतकी ताठ असायची की पाद्रीबाबांचं प्रवचन विसरलं तरी लोकांना मास्तरांची पाठ आठवायची. संचालक वाकला की सूर उतरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ते खरं की खोटं, हे तपासायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

तर एका रविवारी प्रार्थना संपल्यावर पहिल्या बाकावरच्या सालोते आजी काठी टेकत आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "मास्तर, सकाळी सकाळी खोबरं किसत होतात वाटतं. सगळं खांद्यावर सांडलंय."

मास्तरांनी त्या दिवशी खोबरं किसलं नव्हतं. त्यांनी मान वळवून खांद्याकडे पाहिलं. काळ्या कोटावर पांढरा कीस खरोखरच पडला होता, आणि तो खोबऱ्याचा नव्हता.

डोक्याला खाज सुटते हे त्यांना माहीत होतं. मागे, मानेच्या वर आणि कानांच्या पाठीमागे. पण मोठ्या घराण्यातल्या माणसाने चारचौघांत डोकं खाजवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. गाणं रंगात आलं की ते हातातली छडी सहज उचलल्यासारखी करून तिचं टोक कानामागे न्यायचे आणि हळूच काम उरकून घ्यायचे. झालं असं, की सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत वरच्या पट्टीत, गाणाऱ्या बायकांना ती खूण वाटली. छडी कानामागे गेली की आवाज चढवायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. गेल्या वर्षी तिसऱ्या कडव्यात हा आवाज असा काही चढला की सुवा शहरातल्या वार्षिक स्पर्धेत परीक्षकांनी त्या जागेचं नाव घेऊन कौतुक केलं. मास्तरांनी ते कौतुक ताठ मानेने स्वीकारलं. आपण मुद्दाम काही केलं नव्हतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

यंदाची स्पर्धा तोंडावर आली होती. काळे कोट शिवायला टाकले होते, आणि काळाच रंग हवा हा आग्रह बैठकीत एकट्या मास्तरांचा होता. बाकी सगळे पांढऱ्याच्या बाजूचे होते. "काळ्यात माणसाला वजन येतं," असं म्हणून मास्तरांनी टेबलावर हात आपटला होता. तो हात आता त्यांना आठवला.

टोपी हा सोपा उपाय होता, पण तोही मास्तरांनीच बंद करून ठेवलेला. गावात टोपी घालून फिरणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान, हे मास्तर पोरांना रस्त्यात अडवून सांगत. एका परदेशी पाहुण्यालाही त्यांनी टोपी काढायला लावली होती, आणि त्या बिचाऱ्याला ऊन लागून दुपारभर झोपून राहावं लागलं होतं. आता मास्तरांनी टोपी घातली असती तर ती सगळी पोरं कुंपणावर येऊन बसली असती.

घरी वासिती म्हणाली, "डॉक्टरकडे जा." वासिती म्हणजे मास्तरांची बायको. ती कमी बोलते आणि एकदाच बोलते.

मास्तर डॉक्टरकडे गेले नाहीत. शेजारी असताना डॉक्टरकडे जायची घाई कशाला करायची?

कुंपणापलीकडच्या दुलारी काकींनी पाहिल्या पाहिल्या निदान केलं. "मास्टरजी, डोक्यात उष्णता चढलीय. आमच्या सासऱ्यांना असंच झालं होतं. दही आणि लिंबू. भरपूर लिंबू."

"गेलं का त्यांचं?"

"ते गेले. पण दुसऱ्या कारणाने."

मास्तरांनी लिंबू लावलं. नखांनी ओरबाडलेल्या कातडीवर लिंबू पडल्यावर काय होतं हे सांगायची गरज नाही. मास्तर ओरडले नाहीत, ही गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्यांनी फक्त अंगणाला लगबगीने दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि मग पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभे राहिले.

मग आला तेविता. तेविता हा मास्तरांचा मामेभाऊ, म्हणजे बेटावरच्या भाषेत तवाले. सख्ख्या भावाशी माणूस अदबीने बोलतो, बहिणीशी तर बोलतच नाही, पण तवालेला सगळं माफ असतं. त्याने टिंगल केली नाही तर उलट माणसं विचारतात, भांडण झालंय का म्हणून. तेविता कुराची पिकलेली फळं पिशवी भरून घेऊन आला. कोकणात या फळाला बारतोंडी म्हणतात, आणि ज्याने पिकलेल्या बारतोंडीचा वास घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको.

"हे डोक्याला चोळ," तेविता म्हणाला. "किडा असेल तर मरेल."

"किडा नाहीये."

"मग तू मरशील. काहीतरी एक मरेलच, रिकामं जाणार नाही."

त्या संध्याकाळी तालमीत खालच्या पट्टीतले पुरुष एकेक करून खिडकीकडे सरकले, आणि गाणं संपलं तेव्हा मास्तरांच्या डावीकडे कुणीच उरलं नव्हतं.

सालोते आजींचं म्हणणं याहून गंभीर होतं. कुणीतरी 'तुलोऊ' न म्हणता मास्तरांच्या डोक्यावरून हात नेला असणार. डोकं हा माणसाचा सगळ्यांत पवित्र भाग. त्याच्या वरच्या फळीवरची बरणी काढायची तरी आधी तुलोऊ म्हणून माफी मागायची असते. मास्तरांना हे पटलं, कारण ते स्वतः या बाबतीत फार कडक होते. त्यांनी आठवून आठवून शेवटी न्हाव्यावर संशय घेतला आणि जाऊन त्याला विचारलं. न्हाव्याने शपथेवर सांगितलं की आपण दर खेपेला तुलोऊ म्हणतो, कात्री उचलतानासुद्धा म्हणतो. मास्तरांनी त्याला माफ केलं. न्हाव्याला कळेना की कशाबद्दल.

या सगळ्यावर मास्तरांचा स्वतःचा म्हणून एक उपाय चालूच होता. खोबरेल तेल. फुलं घालून मुरवलेलं, घरचं. रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने डोक्यावर ओतायचे, संध्याकाळी पुन्हा ओतायचे, आणि खाज वाढली की तेलही वाढवायचे.

मग एक दिवस एलिआसा घरी आला. हा चर्चचा कारभारी, खालच्या पट्टीत गाणारा, आवाज घागरीतून आल्यासारखा. त्याने चहा घेतला, पावाला लोणी लावून खाल्लं, पावसापाण्याचं बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "मास्तर, आम्ही असा विचार करतोय की यंदा इसिकेलीने उभं राहावं. तुम्ही विश्रांती घ्या. फक्त या वर्षापुरतं."

इसिकेली बँकेत होता. त्याच्या डोक्यावर केसांचं रान होतं आणि एक पांढरा कण नव्हता. तालाचं मात्र त्याला तितकंसं कळत नसे.

"का?" मास्तरांनी विचारलं.

एलिआसाने छताकडे पाहिलं. "मोठी सभा असते, मास्तर. सगळ्या बेटांवरून लोक येतात. पाठ सगळ्यांना दिसते. लोक म्हणतात, स्वच्छता..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही, पण मास्तरांना पुरतं लागलं. ज्या माणसाने जन्मभर पोरांची नखं तपासली, त्याला अस्वच्छ म्हटलं गेलं होतं. एलिआसा गेल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. त्यांचा चहा कपातच थंड झाला. क्वायर गेली तर रविवारी करायचं काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाकावर बसून दुसऱ्याची पाठ बघायची?

वासितीने बाहेर येऊन कप उचलला. काही बोलली नाही. ती एकदाच बोलते हे आधी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तर सुव्याच्या बसमध्ये बसले. सोबतीला तेविता. दवाखान्यात खिडकीवरच्या बाईने विचारलं, "काय होतंय?" मास्तर हळू आवाजात म्हणाले, "डोक्याचं आहे." बाईने त्यांना डोकेदुखीवाल्यांच्या रांगेत बसवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांग सरकली, तिथल्या डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या, आणि मास्तर पुन्हा खिडकीशी आले. बाई म्हणाली, "आधीच का नाही सांगितलं कातडीचं आहे म्हणून?" चारचौघांत सांगण्यासारखं असतं तर ते बसने इतक्या लांब आले असते का, हा प्रश्न मास्तरांनी मनातच ठेवला.

शेवटी एकदाचा नंबर आला. दार उघडलं, आणि मास्तर उंबरठ्यावरच थिजले. खुर्चीत मेरेसेइनी बसली होती. त्यांच्या धाकट्या काकांची मुलगी.

चुलत बहीण म्हणजे तिथे बहीणच, आणि मोठ्या झालेल्या भावा-बहिणींनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा जुना रिवाज. हल्ली शहरात फारसा कुणी पाळत नाही. मास्तर पाळत. मेरेसेइनी डॉक्टर झाली तेव्हा त्यांनी तिचं अभिनंदनसुद्धा तिच्या नवऱ्यामार्फत केलं होतं.

मास्तर मागे वळले. तेविताने दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.

डॉक्टरांनी खिडकीबाहेरच्या आंब्याकडे पाहत विचारलं, "तेविता, तुझ्याबरोबरच्या पेशंटला काय त्रास आहे?"

"तिला सांग, डोक्याला खाज येते," मास्तर कॅलेंडरकडे पाहत म्हणाले.

"डॉक्टर, डोकं बिघडलंय," तेविता म्हणाला.

"मी असं म्हणालो नाही."

"मी थोडक्यात सांगितलं."

डॉक्टरांच्या ओठांचा कोपरा हलला. "त्यांना विचार, डोक्याला काय लावतात?"

तेविताने यादी सांगितली. लिंबू, दही, कुरा. डॉक्टर ऐकत होत्या. खोबरेल तेलाचं नाव येताच मात्र त्या आंब्याला विसरल्या. "तेल? रोज?"

"सकाळ-संध्याकाळ," तेविता म्हणाला. "खाज जास्त असली तर दुपारचंही जेवण."

बघायला तर हवं होतं. बहिणीने भावाच्या डोक्याला हात लावणं शक्य नव्हतं. मग डॉक्टरांनी दिवा ओढला, भिंग घेतलं, मास्तरांना पाठ करून बसवलं आणि केस बाजूला करायचं काम तेवितावर सोपवलं. तेविताने हात जोडून तीनदा तुलोऊ म्हटलं, इतक्या भक्तीने की मास्तरांच्या मानेवर काटा आला. आणि मग त्याने दोन पेन्सिलींनी केस असे विंचरले, जणू कुणी सांडलेला भात ताटात गोळा करतोय.

"लालसर आहे. वर पिवळट पापुद्रे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना सांग, ही घाण नाही. कुणाचा शाप नाही. कुणाकडून लागलेलं नाही आणि यांच्याकडून कुणाला लागणारही नाही. कातडीवर एक बारीक बुरशी सगळ्यांच्याच असते. माझ्या असते, तुझ्याही आहे."

"माझ्या नाही," तेविता म्हणाला.

"आहे. पण तुझी कातडी मनावर घेत नाही. यांची घेते. लहानशा गोष्टीने चिडते, लाल होते, साल टाकते. आणि ती बुरशी तेलावर जगते."



"म्हणजे मी तिला पोसत होतो," मास्तर कॅलेंडरला म्हणाले.

"फुलं घालून," तेविता म्हणाला.

औषध साधं होतं. तेल बंद. एक औषधी शाम्पू, आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचं. कानामागच्या लाल जागांवर थोडे दिवस एक पातळ औषध. बरं वाटलं की शाम्पू आठवड्यातून एकदा.

"किती दिवस, विचार तिला."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "जन्मभर. हे जात नाही. ताब्यात राहतं. दादांना सांग, वाईट वाटून घेऊ नका."

'दादा' हा शब्द तिने तेविताकडे बघूनच म्हटला, पण मास्तरांना तो पोचला. येताना बसमध्ये ते खिडकीपाशी बसले. जन्मभर, हे त्यांना फार लागलं. ताप येतो आणि जातो. हा कसला आजार, जो घरजावयासारखा राहायलाच आलाय?

पण गुण आला. आठवड्याभरातच खाज निम्म्यावर आली. मास्तरांनी न्हाणीघरात घड्याळ टांगलं आणि पाच मिनिटं डोळे मिटून ते स्पर्धेचं गाणं म्हणत उभे राहायचे. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं, की मास्तरांकडे काहीतरी भारी शाम्पू आलाय.

आणि मग केरेकेरे सुरू झालं. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाने 'केरेकेरे' म्हणून एखादी वस्तू मागितली की ती द्यायची असते. नाही म्हणणाऱ्याचं तोंड गावात कुणी बघत नाही. आणि मास्तर रिवाजाला पक्के. आधी दुलारी काकींनी वाटीभर नेला, सुनेसाठी. मग न्हावी आला, शाळेचे जुने शिपाई आले, सोप्रानोमधल्या दोघी-तिघी आल्या. प्रत्येकाला दुसऱ्या कुणासाठी तरी हवा होता. पुतण्यासाठी, जावेसाठी, लांबच्या मावशीसाठी. मास्तर मोठ्या मनाने ओतत गेले आणि बाटली हलकी होत गेली. इतक्या लांबच्या मावशांच्या डोक्यांना एकाच वेळी खाज कशी सुटली, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

शिवाय मागच्या बाजूला औषध लावायचं कुणी हा घोळ होताच. मास्तर दोन आरसे घेऊन स्वतःच प्रयत्न करायचे. आरशात डावं ते उजवं दिसतं. बरंचसं औषध कानात आणि कॉलरमध्ये गेलं. कान अगदी निरोगी झाले. मानेच्या वरचा एक पट्टा मात्र तसाच राहिला, आणि नेमका तोच गावाला दिसणारा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी एलिआसा आला. इसिकेली नवा कोट घालून आरशासमोर हात हलवून बघतोय, हे मास्तरांच्या कानावर आलं होतं. शेवटचा निर्णय एलिआसाने उद्या सकाळपर्यंत द्यायचा, असं पाद्रीबाबांनी ठरवलेलं. मास्तर खुर्चीत ताठ बसले.

एलिआसाने चहा नको म्हटला. बराच वेळ तो चटईचे धागे मोजत बसला. मग घागरीच्या तळातून आल्यासारखा आवाज आला. "मास्तर, केरेकेरे. तो शाम्पू. थोडासा. माझ्या भावासाठी."

मास्तरांनी त्याच्या कॉलरकडे पाहिलं. कॉलर पांढरी होती, म्हणून काही दिसत नव्हतं. एलिआसा नेहमी पांढराच घालायचा, आणि बैठकीत काळ्याला सगळ्यांत जास्त विरोध त्याचाच होता. मास्तरांना आत्ता कुठे ते उमगलं.

बाटलीत तळाशी एका वेळेपुरता शाम्पू उरला होता. उद्या सकाळचा. मास्तरांचा अगदी 'नाही' म्हणायचा विचार झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते उठले, आत गेले आणि बाटलीच आणून त्याच्या हातात दिली. "पाच मिनिटं ठेवायला सांग," ते म्हणाले. "भावाला."

एलिआसा दारापर्यंत गेला, थांबला, वळला. "मास्तर, उद्या तुम्हीच उभे राहा," असं पुटपुटला आणि निघून गेला.

म्हणजे उभं राहायचं पक्कं झालं, आणि शाम्पू संपला. मास्तर ओट्यावर जाऊन बसले. उद्या सगळ्या बेटांसमोर काळा कोट आणि त्यावर खोबरं. वासिती मागून आली. तिच्या हातात सोया सॉसची जुनी बाटली होती.

"हे काय?"

"तुमचा शाम्पू. आणलात त्याच दिवशी अर्धा काढून ठेवला होता. आपले नातेवाईक मला माहीत आहेत."

मास्तरांनी हात पुढे केला. तिने बाटली दिली नाही. "आरसे पुरे झाले. मी लावणार."

लग्नाच्या दिवशी मास्तरांच्या आत्याने नव्या सुनेला बजावलं होतं, घराण्याचा थोरला मुलगा आहे, त्याच्या डोक्याला हात लावायचा नाही. वासितीने तो शब्द पाळला होता. मुलं मोठी झाली, लग्नं होऊन गेली, तरी पाळला होता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायरीवर खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर तरी मान वाकवली.

"आधी तुलोऊ म्हण," ते म्हणाले.

"ते मी लग्नाच्या दिवशीच म्हणून ठेवलंय," वासिती म्हणाली, आणि तिने पाणी ओतलं.

तिची बोटं नेमकी त्या पट्ट्यावर गेली. तिला शोधावं लागलं नाही. दर रविवारी ती तिसऱ्या बाकावरून तेच बघत आली होती.

दुसऱ्या दिवशी सभेच्या मांडवात माणूस मावत नव्हता. मास्तर समोर जाऊन उभे राहिले, कोट काळाभोर, पाठ ताठ. खालच्या पट्टीत एलिआसा उभा होता आणि त्याच्या काळ्या खांद्यावर थोडं खोबरं होतं, एका धुण्याने काय होणार? मास्तर चार पावलं पुढे गेले, "तुलोऊ" म्हणाले, आणि सगळ्यांदेखत त्याचे खांदे हाताने झटकले. मग परत जागेवर आले.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं छान गेलं, दुसरं त्याहून. तिसरं आलं आणि सोप्रानो बायका मास्तरांकडे डोळे लावून बसल्या. खूण कुठे आहे? मास्तरांना काही कळेना. मग त्यांच्या ध्यानात आलं की आज खाजच आली नाही. आवाज खालीच रेंगाळत होता, ती जागा सरत चालली होती. मास्तरांनी छडी उचलली, अगदी मोठेपणाने कानामागे नेली आणि जिथे काही म्हणजे काही होत नव्हतं, तिथे मन लावून खाजवलं.

आवाज चढला. मांडवाचे पत्रे थरथरले म्हणतात.

त्यांचा नंबर दुसरा आला. पहिला आला असता, पण तेविताचं म्हणणं असं की परीक्षकांपैकी एकाला ते खाजवणं पटलं नाही. तेविताच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावं.

पुढच्या शनिवारी वासिती अंगणात कपडे वाळत घालत होती. मास्तर आपणहून आले, सोया सॉसची बाटली पायरीवर ठेवली आणि मान वाकवून बसले. तिने ओले हात झग्याला पुसले आणि केस बाजूला करून पाहिलं. कुठे लाली नव्हती, पापुद्रा नव्हता.

"काही नाहीये आता," ती म्हणाली. "कशाला बसलात?"

"डॉक्टरीण म्हणालीय ना," मास्तर मान वर न करता म्हणाले. "जन्मभर."